नवी विळी

३ नोव्हेंबर १९३०, सोमवार

कचेरीत बोलून उपयोग होत नाही, म्हणून आजपासून वहीशी बोलायचे ठरवले आहे. वही मध्येच उठून चहाला जात नाही.

होनगीच्या म्युनिसिपालिटीत सेक्रेटरी म्हणून येऊन मला चौदा महिने झाले. सेक्रेटरी म्हणजे हेडक्लार्क, दप्तरदार आणि अध्यक्षांची बोलणी खाणारा, सगळे मिळून एकच माणूस. सोलापुराहून गाव आगगाडीने दीड तासावर, पण तेवढ्यात मुलूख बदलतो. अर्धे गाव मराठी बोलते, अर्धे कानडी, आणि बाजारात दोन्हींची खिचडी. मी वेळापूरचा. मला कानडीचे चार शब्द येतात: या, जा, पाणी आणि पडले. 'बिद्दाव' म्हणजे पडले हे मी कचेरीच्या छपराच्या कौलांमुळे शिकलो.

गेल्या महिन्यात वरून परिपत्रक आले की यंदाच्या थंडीत प्लेगचा संभव आहे, तरी प्रत्येक गावाने आगाऊ योजना तयार ठेवावी. अकरा दिवस खपून मी योजना लिहिली. बावीस कलमे झाली. कलम सहा: मृत मूषकास कोणीही हात लावू नये, चावडीवर वर्दी द्यावी, कचेरीने तो चिमट्याने झाकणाच्या डब्यात घालून तपासणीस सोलापुरास पाठवावा. (परिपत्रकात मूषक हा शब्द आहे, म्हणून मीही तोच ठेवला.) कलम नऊ: प्लेग आल्यास गाव हलवायची माळावरची छावणी समितीच्या लेखी मंजुरीशिवाय उघडू नये. हे कलम माझ्या डोक्यातले. कोणी उगाच हूल उठवली तर गुदामातल्या तट्ट्या आणि बांबू पहिल्या दिवशीच पाय फुटून जातील.

आज योजना अध्यक्षांच्या हाती दिली. गुरुसिद्धप्पा हे इथले धान्याचे मोठे अडते. त्यांनी बावीस कलमांनी थोडा वेळ वारा घेतला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, अक्षर झकास आहे हं तुमचं."

घरी मथुराचे पत्र आलेले होते. बाळंतपणाला ती वेळापूरला माहेरी गेली त्याला तीन महिने झाले. मुलगा झाला, तो अजून मी पाहिलेला नाही. सव्वा महिना उलटल्यावर सत्तावीस तारखेला निघते म्हणाली आहे. तोवर स्वयंपाकपाण्याला गौरम्मा आहे, मथुरानेच जाताना ठरवून दिलेली. ही विधवा बाई भीमेपलीकडून आलेली. तिचा भाऊ स्टेशनच्या रस्त्यावर कोणाचे तरी शेत राखतो. मराठी तिला येत नाही म्हटले तरी चालेल. आम्ही दोघे हातवाऱ्यांवर संसार चालवतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

समितीची सभा भरली नाही. नऊपैकी तीन सभासद आले. त्यांतले एक चुकून आले होते, त्यांना वाटले आज लिलाव आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दाढी करत होतो. गौरम्मा मागच्या कोठीतून लगबगीने आली आणि म्हणाली, "सायेब, इली बिद्दाव."

बिद्दाव मला समजले. इळी म्हणजे आमच्याकडे विळी. मथुरा अजूनही इळीच म्हणते. मला मात्र मास्तरांनी कान पिरगाळून पुढे व जोडायला लावला. तर विळी पडली. मी म्हणालो, "पडली तर उचल आणि फळीवर ठेव." हाताने करून दाखवले: खाली वाक, उचल, वर ठेव. ती माझ्याकडे पाहतच राहिली. पुन्हा तेच म्हणाली. मीही पुन्हा हात करून दाखवला, या वेळी जरा रागानेच. मग ती नाकाला पदर लावून आत गेली. विळी उचलायला नाकाला पदर कशाला लागतो कोण जाणे. ही बाई मुळातच नाटकी आहे.

दाढी अर्धी राहिली आणि कचेरीला उशीर झाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तपासणीचे डबे आणि चिमटे मागवून वीस दिवस झाले. आज सोलापुराहून उत्तर आले की मागणी विहित नमुन्यात नाही. सोबत नमुना जोडला आहे. नमुना पटकीचा आहे. त्यात रोग्यास जुलाब किती वेळा होतात तो रकाना आहे, उंदराचा नाही. मी हे लिहून विचारले तर आणखी वीस दिवस जाणार. जुलाबाच्या रकान्यात 'लागू नाही' असे लिहून पाठवून दिले.

गौरम्माचे आज पुन्हा सुरू. "एरड इली बिद्दाव," आणि दोन बोटे वर. म्हणजे दोनदा पडली. बैठक डुगडुगत असेल, विळी मथुराच्या माहेरची, जुनीच आहे. मी म्हटले, "उचल आणि ठेव, रोज मला काय सांगतेस?" तर माझा हात धरायचीच बाकी राहिली. दाराकडे बोट करून म्हणते, "होरगे नडीरि, सायेब, होरगे." कचेरीत मायाप्पाला विचारले, होरगे म्हणजे काय. मायाप्पा आमचा दवंडी देणारा, दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलतो. म्हणाला, "भाईर. भाईर चला म्हंत्यात तसं." म्हणजे मलाच माझ्या घरातून बाहेर निघा म्हणते! स्वतःचे आंथरूण तर तिने दोन दिवसांपूर्वीच ओट्यावर नेले आहे. मथुरा येऊ दे, मग हिचा हिशेब होईल.

घरात कसलीशी घाण येते. मागच्या गटाराबद्दल मी स्वतःच्या सहीने मुकादमाला चिठ्ठी दिली. त्याचे उत्तर मलाच द्यावे लागणार, कारण मुकादमाला लिहिता येत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजाराचा दिवस. कटकट एकदाची मिटवावी म्हणून लोहाराकडून नवी विळी घेतली. पाते चांगले, बाभळीची बैठक, अजिबात डुगडुगत नाही. घरी येऊन गौरम्मापुढे ठेवली आणि म्हणालो, "ही घे. आता पडायची नाही."

तिने विळी उलटसुलट करून पाहिली. माझ्याकडे पाहिले. मग कपाळावर हात मारून हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. माणूस मुद्दाम वाट वाकडी करून वस्तू आणतो, तर त्याचे हे असे. मनापासून चीड आली. भाकरी न खाताच उठणार होतो, पण भूक लागली होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अखेर अध्यक्षांनी दवंडीला परवानगी दिली. अट एकच, प्लेग हा शब्द उच्चारायचा नाही. चंपाषष्ठीची जत्रा सव्वीस तारखेला आहे आणि गाड्या माल घेऊन यायच्या आहेत. मी मजकूर लिहिला: 'तमाम नागरिकांस सक्त सूचना की, मृत मूषक दृष्टोत्पत्तीस आल्यास तत्काळ चावडीवर वर्दी द्यावी, कसूर करणारास दंड होईल.' लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा वाचला. कमी शब्दांत सगळे आले आहे.

मायाप्पाला वाचून दाखवला. तो डोके खाजवत म्हणाला, "सायेब, मूशक म्हंजी काय ओ?"

"लिहिलंय तसं सांग. अर्थ तुला कशाला हवा?"

"न्हाय, लोक इचारत्यात की. हलगी वाजीवली की पयलं मलाच इचारत्यात."

"विचारलं तर कचेरीत या म्हणावं."

तो गेला. हुकमाचा अर्थ दवंडीवाल्याला समजावत बसायचे तर सेक्रेटरीची गरज काय?

१९ नोव्हेंबर, बुधवार

दवंडी झाली. कचेरीच्या खिडकीतून हलगी ऐकू आली तेव्हा खरे सांगायचे तर छाती थोडी फुगली. बावीसपैकी एका कलमाची तरी अंमलबजावणी झाली.

संध्याकाळी घरी आलो तर गौरम्मा दारातच उभी. चेहरा उजळलेला. "सायेब, दवंडी!" म्हणाली, चावडीच्या दिशेने हात केला, आणि मग जणू काही माझे सारे बोलणे आज तिला उमगले असे मान हलवून "हां, हां, इली," म्हणाली. घासलेटचा रिकामा डबा उचलून, नेऊ का अशी खूण केली. मी म्हटले, ने. पाण्याला हवा असेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाई समजुतीने वागली. मात्र डोळे लालसर दिसले आणि चालताना भिंतीचा आधार घेत होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गौरम्मा दिसली नाही, ओट्यावर तिचे आंथरूणही नाही. न सांगता खाडा. चुरमुरे खाऊन कचेरीला गेलो. उद्याही आली नाही तर दुसरी बाई पाहणार आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झाले ते क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरे वाटणार नाही.

सकाळी चावडीपुढे बायकांची रांग. मला वाटले, वर्दी द्यायला आल्या, दवंडीचा गुण आला! पुढे होऊन पाहतो तो चावडीच्या ओट्यावर विळ्यांचा ढीग. विळ्या, विळे, खुरपी, एक अडकित्तासुद्धा. प्रत्येकीने ओळखीसाठी बैठकीला चिंधी बांधलेली. बजाबाई नावाची एक म्हातारी माझ्या पायाच पडली. "सायेब, एवडी एकच इळी हाय घरात. भाजी दातानं चिरू का? पोरगं पांढरी टोपी घालून मोर्च्यात न्हाय गेलं, शपत घेते."

उन्हाळ्यात सोलापुरात लष्करी कायदा झाला तेव्हापासून सरकार म्हटले की इकडे लोक दारे लावून घेतात. गावात बोलवा अशी होती की सरकार घरोघरची धारेची हत्यारे जमा करून घेत आहे. निम्म्यांनी आणून दिली आणि निम्म्यांनी गवताच्या गंजीत लपवली. उंदराची वर्दी एकही नाही.

मी मायाप्पाला बोलावून घेतले आणि सगळ्यांदेखत झापले. "काय दवंडी दिलीस तू?"

"तुमी सांगितली तीच की ओ."

"मूषक म्हणालास का?"

"त्यो शबुद तोंडात बसना झाला. मग अडत दुकानातल्या मुनीमाला इचारलं. त्यानं कानडीत समजावलं, म्हून मी म्हनलो, सरकारचा सक्त हुकूम हाय, सत्त इली कंडर चावडीगे तिळसरी. मराठी गल्लीत बी तसंच म्हनलो, इली दिसली की चावडी, न्हायतर दंड."

"विळी? विळी कुठून आणलीस मूर्खा?"

गुरुसिद्धप्पा मागे येऊन उभे होते. ते ओट्यावर बसले आणि पोट धरून हसू लागले. हसणे आवरेना. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "अहो सेक्रेटरी, विळी नव्हे. इली, इली! कानडीत इली म्हणजे उंदीर. सत्त इली, मेलेला उंदीर. हलगीच्या गोंगाटात मराठी बायकांनी ऐकलं इळी!"

सगळे हसले. रांगेतल्या बायकाही हसायला लागल्या आणि आपापल्या चिंध्या शोधू लागल्या. मीही हसलो असेन, तोंड तसे झाले होते खरे. मग ते तसेच राहिले.

इली बिद्दाव. एरड इली बिद्दाव. होरगे नडीरि, सायेब.

चावडीपासून घरापर्यंत मी पळत गेलो. चौदा महिन्यांत प्रथमच कोठीत शिरलो. फळीवर, मी हाताने दाखवली होती तिथेच, घासलेटचा डबा ठेवलेला. वर फडके, फडक्याला सुतळी. आत चुना, लिंबाचा पाला आणि उंदीर. बाहेरच्या उजेडात नेऊन मोजले, सात होते. डब्याच्या शेजारी नवी विळी, जशी आणली तशीच कोरी.

मी तिला उचलून ठेव म्हणालो होतो. चिमटा सोलापुरात आहे. कलम सहा मी लिहिले आहे.

तसाच परत फिरून गुरुसिद्धप्पांना गाठले आणि म्हणालो, माझ्याच घरात सात पडलेत, आजच्या आज गाव बाहेर काढा, छावणी उघडा. ते हसायचे थांबले. मग म्हणाले, "पाच दिवसांवर जत्रा आहे. जत्रा होऊ दे." मी आवाज चढवला. तेव्हा त्यांनी खणातून माझी योजना काढली आणि बोट ठेवून नववे कलम मला वाचून दाखवले. अक्षर खरोखर झकास आहे.

सभा बोलवायला तीन दिवसांची नोटीस लागते. मी नोटीस काढली. सोलापुरास डॉक्टरांना तार केली. वेळापूरला तार जात नाही, म्हणून पंढरपूरच्या ओळखीच्या वकिलांना तार केली, 'मथुरास निघू देऊ नये, माणूस पाठवून कळवा.' आज एकवीस, ती निघणार सत्तावीसला. पोचेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मायाप्पाला घेऊन गौरम्माच्या भावाकडे गेलो. स्टेशनच्या रस्त्याला लागून शेत, बांधावर कडब्याचे खोपट. आत गौरम्मा. अंगाला हात लावायची गरज नव्हती, तिचा ताप दारातूनच जाणवत होता. काखेत गोळा आहे म्हणून भावाने सांगितले.

तिने मला ओळखले. काहीतरी बोलली. मायाप्पा तिच्या तोंडाजवळ वाकला.

"ती इचारतीया, सायेब, डबा चावडीवर पोचला का म्हून. सात हाईत म्हनती."

"पोचला म्हणून सांग."

"दोन दिस आदी न्यायचा होता, पर पायांत जीव न्हवता म्हनती. राग मानू नका म्हनती."

ती आणखी काही बोलली. मायाप्पा गोंधळला, पुन्हा तिला विचारले आणि मग माझ्याकडे वळला. "सायेब, ती इचारतीया, तुमी तिला नवी इळी कशापायी दिली?"

मायाप्पा वाट पाहत उभा होता. शेवटी त्यानेच आपल्या मनाने तिला कानडीत काहीतरी सांगितले, आणि तिने समाधानाने डोळे मिटले. काय सांगितलेस, असे वाटेत विचारले. म्हणाला, "सायेब तुज्यावर खूश हाईत म्हून दिली, म्हनलो."

मी या मायाप्पाला काल मूर्ख म्हणालो आहे.

डबा दुपारच्या आगगाडीने सोलापुरास पाठवला. सोबत नमुना जोडला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मायाप्पाला घरी बोलावले. म्हणालो, दवंडी दे. सही नाही, मंजुरी नाही, जबाबदारी माझी. कागदही देणार नाही. काय सांगायचे ते तुझ्या तोंडाने सांग, दोन्ही भाषांत सांग, आणि कोणी विचारले तर उभा राहून उत्तर दे.

तो हलगी शेकून बाहेर पडला. पहिल्याच चौकातली मी ऐकली. "उंदीर पडल्यात होऽ! इली बिद्दाव! उंद्रं, घुशी, शेपटीवाली! इळी न्हवं, इली! सेक्रेटरी सायबाच्या घरात सात पडल्यात, गौरम्मा आजारी हाय. हात लावू नगा. गाव सोडा. होरगे नडीरि!"

दुपारपर्यंत निम्मे गाव माळावर होते आणि दिवस मावळायच्या आत उरलेले. कोणी माझ्या तट्ट्या मागितल्या नाहीत, बांबू मागितले नाहीत. कडबा, धोतरे, गोणपाट, गाडीचे जू, जे हाती लागेल त्यातून खोपटी उभी राहिली. कोणती गल्ली कुठे उतरायची तेही त्यांचे ठरलेले. उंदीर पडले की गाव सोडायचे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांना कोणीतरी कळेल असे सांगण्याचीच खोटी होती. अकरा दिवस मी काय लिहीत बसलो होतो?

गुरुसिद्धप्पा कचेरीत येऊन माझ्यावर ओरडले. नोकरीवरून काढीन म्हणाले. त्यांची बिऱ्हाडाची गाडी बाहेर उभी होती, तीत मंडळी बसलेली.

संध्याकाळी सोलापूरचे पत्र. पाहतो तर मथुराचे! तिचा भाऊ सोलापुरास निघाला होता म्हणून ती ठरल्याआधीच त्याच्याबरोबर निघाली, मला न कळवता, मजा म्हणून. पत्र भावाने लिहिले आहे, शब्द तिचे. इथे उतरवून ठेवतो:

'शुक्रवारी दुपारच्या गाडीनं आमी होनगी ठेसनात उतरलो. बैलगाडी केली. निम्म्या वाटंत तुमची ती गौरम्मा शेतातनं धावत आली अन् बैलांपुढं आडवीच पडली. केस सुटल्यालं, डोळं लाल. इळी, इळी म्हून वरडत हुती. मला वाटलं हातात इळी हाय, आता बाळाला काय करती का काय. माजं तर काळीजच हाललं. गाडीवाल्याला म्हनलं, फिरीव आदी गाडी. तो बी तिचं ऐकून घाबराघुबरा झाला, काय बोलला मला समजलं न्हाय. मिळंल त्या गाडीनं सोलापुरास दादाच्या मित्राकडं आलो. बाळ सुखरूप हाय. ती बाई येडी झालीया, तिला पयली काडून टाका. मग मी यीन.'

पत्र चार वेळा वाचले. शुक्रवारी दुपारी मी नोटिशीच्या नकला करत होतो. गाडी थेट घरी आली असती. मथुराने बाळाला कोठीच्या दाराशी झोपवले असते, कारण तिथे वारा लागत नाही.

मी रडलो. लिहून ठेवतो, लाज वाटत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गौरम्मा पहाटे गेली. डॉक्टर काल आले होते, दोन माणसे बरोबर आणि टोचणीची पेटी. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. डब्यातल्या उंदरांत प्लेग निघाला म्हणाले. डबा फार व्यवस्थित बांधला होता, कोणी बांधला, असे विचारत होते.

मूठमाती देताना तिच्या भावाने मला पुढे होऊ दिले. त्याला ठाऊक नाही. मायाप्पाला ठाऊक आहे, तो बोलला नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जत्रा भरली नाही. माळावर तिघे दगावले, त्यानंतर नवीन कोणी नाही. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस आणखी गेले असते तर मोजता आले नसते. माझा टोचलेला दंड सुजला आहे.

सोलापुराहून विहित नमुना आला, या वेळी बरोबर प्लेगचा. आजच भरून पाठवायचा आहे. गुरुसिद्धप्पा माळावरच्या त्यांच्या राहुटीतून मुद्दाम आले. आता त्यांचा राग गेला आहे, गाव वेळेत बाहेर काढल्याबद्दल डॉक्टरांनी त्यांचेच नाव वर कळवले. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पहिली तारीख एकवीस टाका. वर्दी देणार, सेक्रेटरी स्वतः. तुमचंही भलं, आमचंही भलं. ती बाई काय आता सांगायला येत नाही."

ती सांगायलाच येत होती, असे मी म्हणालो. त्यांना ते कळले नाही.

ते गेल्यावर ही वही उघडली आणि तारखा तिच्यातून उतरवून घेतल्या. पक्क्या नमुन्यात लिहिले ते इथेही लिहून ठेवतो.

मृत उंदीर प्रथम आढळल्याची तारीख: १० नोव्हेंबर.

वर्दी देणाराचे नाव: गौरम्मा, घरकाम करणारी. पुन्हा वर्दी, १२ नोव्हेंबर.

वर्दी कोणास दिली: हिंदुराव, सेक्रेटरी, होनगी म्युनिसिपालिटी.

वर्दी मिळाल्यावर काय तजवीज केली: उचलून फळीवर ठेवण्यास सांगितले. चौदा तारखेस नवी विळी आणून दिली.